मुळी कधी खणली?

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. तिच्या मुलीला मुलगी झाली आहे, तीन महिन्यांची. फोन अर्थातच माझ्यासाठी नव्हता, हिच्यासाठी होता. पण ही देवळात गेली होती, म्हणून मीच घेतला. "मामा, बाळगुटीत वेखंडाचे किती वेढे उगाळायचे? आजी किती द्यायची, आठवतंय का तुम्हाला?"

मला आठवत होते, चांगलेच आठवत होते. तरी मी तिला म्हणालो, "किती वेढे ते मी सांगणार नाही. तू आधी बाळाच्या डॉक्टरांना विचार, आणि ते नको म्हणाले तर देऊ नकोस." भाची जराशी हिरमुसली. मामा एवढे जुन्या वळणाचे, आणि गुटीला नाही म्हणतात! फोन ठेवल्यावर मला वाटले, तिला कारण सांगायला हवे होते. पण कारण फोनवर सांगण्यासारखे नव्हते, लांबलचक होते. म्हणून इथे लिहून काढतो आहे. ती वाचेलच, आणि तुम्ही मंडळीही वाचाल.

गोष्ट १९५९ सालची. मी तेव्हा तिसरीत होतो. धाकटी बहीण बेबी चार-पाच महिन्यांची होती. रोज सकाळी तिला न्हाऊ घातले की आई देवघराशेजारच्या कोनाड्यातून गुटीचा डबा काढायची. त्यात हळकुंड, सुंठ, मुरडशेंग, जायफळ, अतिविष, वेखंड, ज्येष्ठमध अशी सगळी मंडळी. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकायचे आणि एकेक काडी उगाळायची. प्रत्येकीचे वेढे ठरलेले. एखादीचे चार, एखादीचा एकच. वेखंडाचे दोन. आई मनात मोजत असायची, आणि त्या वेळी तिच्याशी बोललेले तिला चालत नसे. घरात तराजू नव्हता, थेंब मोजायची नळी नव्हती. ते वेढे म्हणजेच तिचे माप.

एकदा वेखंडाची काडी झिजून नखाएवढी राहिली. ती बरीच जुनी होती, बहुधा माझ्याच वेळची. वडिलांनी बाजारातून नवीन आणली. दुसऱ्या दिवशी आईने नेहमीसारखे दोन वेढे दिले. दुपारपासून बेबीला उलट्या सुरू झाल्या त्या रात्रीपर्यंत थांबेनात. डोळे खोल गेले, रडण्याचा आवाज बारीक झाला. रात्री वैद्यबुवा आले. त्यांनी काय दिले ते मला माहीत नाही, पण पहाटे बेबी दूध प्यायली आणि झोपली. आजही ती ठणठणीत आहे, अडुसष्टीच्या घरात आहे आणि माझ्यापेक्षा वेगाने चालते. पण त्या रात्री घरातला एकही माणूस झोपला नव्हता.

सकाळी आजी आईला म्हणाली, "वेढे मोजताना लक्ष कुठं होतं तुझं?" आई काही बोलली नाही. ती एवढेच म्हणाली, "दोनच दिले." तिच्यावर कोणी विश्वास ठेवला असे मला वाटत नाही. हळूहळू तिचा स्वतःवरचाही उडाला. त्यानंतर आमच्या घरी गुटी आजीच उगाळू लागली.

पुढे मी शिक्षक झालो. इतिहास आणि मराठी शिकवले. विज्ञान हा माझा विषय नव्हे. पण निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला आणि औषधांच्या इतिहासाची गोडी लागली. त्या वाचनात एके दिवशी मला विल्यम विदरिंग भेटला. अठराव्या शतकातला हा इंग्रज डॉक्टर जणू आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि आईच्या बाजूने साक्ष देऊ लागला.

विदरिंगचा जन्म १७४१ सालचा, इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातला. तो एडिंबरोला वैद्यक शिकला. विद्यार्थीदशेत त्याला वनस्पतिशास्त्र मुळीच आवडत नसे. पुढे स्टॅफर्डला व्यवसाय करताना एक तरुणी त्याची रुग्ण म्हणून आली. तिला फुलांची चित्रे काढायचा छंद होता. तिच्यासाठी फुले गोळा करता करता हा गडी वनस्पतींच्या नादी लागला, आणि तिच्याशी त्याचे लग्नही झाले! १७७५ मध्ये तो बर्मिंगहॅमला आला आणि १७७६ मध्ये त्याने ब्रिटनमधल्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला.

त्या १७७५ सालातच त्याला एका घरगुती औषधाबद्दल मत विचारण्यात आले. श्रॉपशायरमधली एक म्हातारी अंगावरच्या सुजेवर, म्हणजे पाणी साठून पाय आणि पोट फुगते त्या दुखण्यावर, औषध देत असे. मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी तिच्याकडून बरे होत. तिच्या औषधात वीसेक किंवा त्याहून जास्त वनस्पती होत्या. विदरिंगला झाडपाल्याची ओळख होती. त्याने ताडले की यातले खरे काम करणारी एकच असणार, ती म्हणजे फॉक्सग्लव्ह, शास्त्रीय नाव डिजिटॅलिस. जांभळ्या घंटांसारख्या फुलांचा उंच तुरा येणारी ही वनस्पती इंग्लंडमध्ये रानोमाळ उगवते. त्या म्हातारीचे नाव विदरिंगने लिहून ठेवलेले नाही. पुष्कळ पुस्तकांत 'मदर हटन' असे नाव वाचायला मिळते, पण ते विसाव्या शतकात एका औषध कंपनीच्या जाहिरातीने रूढ केले. खरी म्हातारी निनावीच राहिली. आपल्याकडच्या आज्याही अशाच.

या हकिकतीत एक दुसरा माणूस येतो, आणि मला हवा आहे तो तोच. ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचे प्रमुख डॉ. कॉली. त्यांच्या छातीत पाणी झाले होते. त्या काळच्या नामांकित वैद्यांनी सांगितले की आता आमच्याकडे काही उपाय नाही. अशा स्थितीत कोणीतरी त्यांना फॉक्सग्लव्हची मुळी दिली आणि ते बरे झाले. पाने नव्हे, मुळी. ही बातमी विदरिंगला बर्मिंगहॅमच्या डॉ. अ‍ॅश या मित्राकडून कळली आणि या वनस्पतीवरचा त्याचा विश्वास दुणावला.

आता प्रश्न आला मात्रेचा. विदरिंग रोज काही वेळ गरिबांना फुकट तपासत असे, वर्षाला दोन-तीन हजार माणसे. तिथे त्याने हे औषध वापरायला सुरुवात केली. आणि पुढे त्याने स्वतःच कबूल केले आहे की सुरुवातीला आपण फार मोठ्या मात्रा दिल्या आणि फार काळ देत राहिलो. उपकारक मात्रा आणि घातक मात्रा यांत या औषधाच्या बाबतीत फार थोडे अंतर असते. जरा जास्त झाले की मळमळ, उलट्या, दिसण्यात गोंधळ, नाडी अतिशय मंद, आणि शेवटी हृदय बंद. त्यामुळे 'किती' हा प्रश्न जीवनमरणाचाच होता.

आणि 'किती'चे उत्तर सापडेना. कारण एकच वजन घेतले तरी एकदा रोग्याला काहीच होत नसे आणि दुसऱ्यांदा तो ओकून बेजार होत असे. विदरिंगने शोधले तेव्हा लक्षात आले की रोपाच्या वयाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे औषधाची ताकद बदलते आहे. मुळीच्या बाबतीत तर फारच. फॉक्सग्लव्ह हे दोन वर्षांचे झाड. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा नुसता झुबका. दुसऱ्या वर्षी त्यातून फुलांचा दांडा वर येतो, बी धरते आणि झाड मरते. विदरिंगने लिहून ठेवले की दांडा वर आला की मुळी कोरडी होते, तिची चव जवळजवळ जाते आणि ती निकामी होते.

या ठिकाणी त्याच्या पुस्तकात एक मोठी गमतीची हकिकत आहे. काही डॉक्टरांनी त्याला पत्रे लिहिली की आम्ही पानांऐवजी मुळी वापरतो. आमचे रोगी बरे होतात, आणि त्यांना मळमळही होत नाही. म्हणजे मुळी हीच सुधारलेली पद्धत! विदरिंगने त्यांचे नम्रपणे आभार मानले आणि उत्तर दिले. त्याचा सारांश असा, की तुम्ही खोटे बोलत नाही, पण तुमच्या हाती मुळी लागली ती ताकद संपत आलेली. त्यामुळे सुदैवाने तुमच्या हातून जास्त मात्रा गेली नाही. मुळी पानांइतकीच उलटी करवू शकते, हे डॉ. कॉलींच्याच उदाहरणावरून सिद्ध आहे.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ नुसता बसलो. एकच झाड, एकच मुळी, तेवढेच वजन. एका मोसमात खणली तर मरणाच्या दारातून परत आणते आणि उलट्यांनी हैराणही करते. दुसऱ्या मोसमात खणली तर इतकी मवाळ, की डॉक्टरांना वाटावे हेच काय ते सुरक्षित औषध. आणि देणाऱ्याला वाटते की हा माझ्या हाताचा गुण किंवा माझ्या हाताची चूक.

विदरिंगने यावर मार्ग काढला तो अगदी साधा. एक, मुळी सोडून पाने घ्यायची. दोन, पाने नेहमी एकाच अवस्थेत तोडायची, झाड फुलावर आलेले असताना. तीन, ती नीट वाळवून भुकटी करायची. काढा उकळणाऱ्याच्या हातावर काही सोडायचे नाही. मग मात्रा निश्चित करता येते. ही शिस्त पाळून त्याने दहा वर्षांत १६३ रोग्यांच्या नोंदी केल्या, बरे झालेले आणि न झालेले सगळे, आणि १७८५ मध्ये पुस्तक छापले. यशाचेच रोगी निवडून छापणे सोपे होते, तसे त्याने केले नाही. म्हणूनच मला हा माणूस आवडतो. १७९९ मध्ये क्षयाने तो गेला. त्याच्या स्मारकावर फॉक्सग्लव्हची फुले कोरलेली आहेत.

तरीसुद्धा पानांची ताकद थोडीफार बदलतच राही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डिजिटॅलिसची प्रत्येक खेप बेडकांवर किंवा मांजरांवर तपासून तिची ताकद ठरवावी लागे. १९३० साली सिडनी स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने लोकरी पानांच्या जातभाई डिजिटॅलिसमधून डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे काढले. तेव्हा कुठे गोळीत किती औषध आहे हे छातीठोकपणे सांगता येऊ लागले. माझ्या वयाच्या काही वाचकांच्या डब्यात ती गोळी असेलही.

आता मुळीची ताकद अशी का बदलते? याचे निम्मे उत्तर आपल्या मंडईतल्या भाजीवालीला ठाऊक आहे. मुळा कोवळा असतो तेव्हा रसरशीत. पण त्याला फुलांचा दांडा आला, डिंगऱ्या लागल्या, की तोच मुळा आतून जाळीदार, लाकडासारखा. गाजराचे तेच, बिटाचे तेच. झाड आधी पानांतून अन्न तयार करते आणि मुळात साठवते. मूळ म्हणजे त्याचे कोठार. पुढे फुलायची वेळ आली की कोठार उघडले जाते आणि सगळे वर, फुलाकडे आणि बीकडे धावते. मुलीच्या लग्नात बापाची शिल्लक संपावी तसे.

जी झाडे बरीच वर्षे जगतात त्यांच्यात हा खेळ दरवर्षी चालतो. थंडी किंवा कोरडा मोसम आला की पाने पिवळी पडतात. पण पडण्यापूर्वी त्यांतले घेण्यासारखे सगळे झाड खाली मुळात ओढून घेते. वरून झाड वाळलेले, मेल्यासारखे दिसते, आणि खाली कोठार गच्च भरलेले असते. पहिला पाऊस पडला, कोंब फुटला, की कोठार रिकामे व्हायला लागते. सांगलीकडचा शेतकरी हळदीचा पाला वाळल्याशिवाय कुदळ लावत नाही, ते यासाठीच. हळद म्हणजे खरे तर मूळ नव्हे, जमिनीखालचे खोड, पण न्याय तोच.

हे आपल्या जुन्या वैद्यांना कळले होते का? कळले होते, आणि त्यांच्यात या विषयावर वादही होते! चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधाचा कोणता भाग केव्हा घ्यावा हे सांगितले आहे. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, झाडाची पिकली पाने गळून गेल्यावर घ्यावीत. साल, कंद आणि चीक शरदात. म्हणजे पान गळण्याची खूण चरकाने बरोबर पकडली आहे. सुश्रुताचे मात्र वेगळे. त्याने आधी काही आचार्यांचे मत दिले आहे की मुळे पावसाच्या आरंभी घ्यावीत, पाने वर्षा ऋतूत, साल शरदात, असा क्रम. आणि मग म्हटले आहे की हे बरोबर नाही. जग सौम्य आणि आग्नेय असे दोन प्रकारचे आहे. तेव्हा सौम्य औषधे सौम्य ऋतूत घ्यावीत आणि आग्नेय औषधे आग्नेय ऋतूत. पुढे शार्ङ्गधराने आणखी वेगळे सांगितले. सर्व कामांसाठी रसरशीत औषध शरदात घ्यावे, आणि ओकारी व जुलाब करवण्याची औषधे वसंताच्या शेवटी.

मी शिकवत असतो तर एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारलेच असते, "सर, मग खरं कोणाचं?" मला वाटते, सुश्रुताच्या म्हणण्यात एक शहाणपण आहे. सगळ्या झाडांना एकच नियम लावू नका, झाडाचा स्वभाव पाहा. कारण मुळात साठवलेले अन्न वेगळे आणि औषधी द्रव्य वेगळे. अन्न झाड स्वतःसाठी साठवते, तर कडू-विषारी द्रव्ये बऱ्याचदा किडीपासून आणि जनावरांपासून संरक्षणासाठी तयार करते. दोन्ही एकाच महिन्यात शिगेला पोहोचतील असा काही करार नाही. युरोपात कॉल्चिकम नावाचे एक झाड आहे, संधिवातातल्या एका विशिष्ट प्रकारावर, गाउटवर, त्याचा गड्डा देतात. त्याला फुले शरदात येतात, पाने वसंतात. गड्डा खणायचा तो उन्हाळ्यात, पाने सुकल्यावर आणि फूल येण्यापूर्वी. इथे 'पाने गळाल्यावर' हा चरकाचा नियम लागू पडतो, पण 'थंडीत' हा नियम धरला तर फसगत होते. पंचांग पाहू नये, झाड पाहावे.

आणि झाड पाहणारे कोण? चरक आणि सुश्रुत दोघांनीही याचे श्रेय स्वतःकडे घेतलेले नाही. गुराखी, धनगर, पारधी, तपस्वी, रानात फिरणारे आणि कंदमुळे खाऊन राहणारे, यांच्याकडून औषधी ओळखून घ्याव्यात, असे या ग्रंथांत स्पष्ट म्हटले आहे. आजही सह्याद्रीत ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्यातल्या जाणत्या माणसाला जे कळते ते आपल्याला पुस्तकातून कळत नाही.

असेच लोक प्राचीन ग्रीसमध्येही होते. त्यांना 'मुळे कापणारे' असेच नाव होते. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नवव्या भागात या लोकांची माहिती आहे. काही मुळे गव्हाच्या सुगीच्या सुमारास खणायची, पण बहुतेक शरदात, पाने गळाल्यावर, असे तो सांगतो. शिवाय त्या लोकांचे विधीही सांगतो. मँड्रेक खणताना तलवारीने भोवती तीन रिंगणे आखायची. पिओनी रात्री खणायची, दिवसा सुतारपक्ष्याने पाहिले तर डोळे जातात! थॅप्सिया कापताना अंगाला तेल लावायचे आणि वाऱ्याकडे पाठ येईल असे उभे राहायचे. थिओफ्रास्टस हे सगळे हसण्यावारी नेत नाही आणि सगळे खरेही मानत नाही. थॅप्सियाच्या चिकाने अंग सुजते, तेव्हा तेल लावणे शहाणपणाचे आहे, पण सुतारपक्ष्याची गोष्ट फुगवलेली आहे, असे तो निवडून सांगतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा निवाडा आपल्यालाही उपयोगी पडण्यासारखा आहे. आपल्या चरकानेही उपवास करून, पांढरी वस्त्रे नेसून, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून औषध घ्यावे असे म्हटले आहे. वस्त्राच्या रंगाने मुळी बदलत नाही. पण एवढे सोपस्कार करायचे म्हटल्यावर माणूस घाईने दिसेल ते उपटत सुटत नाही, हाही फायदाच.

आता आपल्या घराजवळचे एक उदाहरण देतो. सर्पगंधा. हे लहानसे झुडूप आपल्या कोकणात आणि पश्चिम घाटातही होते. मुळी अत्यंत कडू. वेडाच्या झटक्यांवर आणि झोप येण्यासाठी तिचा उपयोग पूर्वापार चालत होता. १९३१ मध्ये दिल्लीला सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्यातून काही अल्कलॉइडे वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलिन' असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की या मुळीने रक्तदाब उतरतो. पण जगाचे लक्ष गेले ते १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या पन्नास रोग्यांचे अनुभव एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापले तेव्हा. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातले रेसर्पिन शोधले, आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतले मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले.

सर्पगंधेची मुळी निदान दीड-दोन वर्षांची व्हावी लागते आणि ती हिवाळ्यात खणतात, पाने गळून झुडूप झोपी गेलेले असते तेव्हा. पावसाळ्यात खणलेल्या मुळीपेक्षा डिसेंबरातल्या मुळीत अल्कलॉइडे जास्त असतात. म्हणजे चरकाची शिशिराची खूण इथे जवळजवळ तंतोतंत जुळते. आणखी एक मजा पाहा. या मुळीतली नव्वद टक्क्यांच्या आसपास अल्कलॉइडे तिच्या सालीत असतात. मुळे धुताना साल खरवडली गेली तर हाती नुसते लाकूड राहते. शार्ङ्गधराने सांगितलेच आहे की जाड मुळांची साल घ्यावी आणि बारीक मुळे अख्खी घ्यावीत. प्रयोगशाळा नसताना, नुसत्या जिभेवर आणि रोग्यावर पारखून त्यांनी हे ठरवले असणार.

मात्र जुन्यांना एक गोष्ट सोसावी लागली नव्हती, ती आपल्याला सोसायची आहे. पान तोडले तर झाड जगते, मूळ खणले तर झाड मरते. मुळी खणण्याचा योग्य मोसम पाने गळाल्यानंतरचा, म्हणजे बहुतेक वेळा बी पडून गेल्यानंतरचा. म्हणजे जो वैद्य चांगल्या ताकदीसाठी थांबत होता, तो नकळत पुढच्या पिढीची पेरणीही होऊ देत होता. आता रानातून मुळ्या आणणारा माणूस थांबू शकत नाही. आज आपण थांबलो तर उद्या दुसरा येऊन खणून नेईल, ही त्याची धास्ती. शिवाय व्यापारी वजनावर पैसे देतो, ताकदीवर नाही. मग ऐन फुलोऱ्यात, बी धरण्यापूर्वीच कुदळ चालते. मुळीही कमअस्सल आणि रानही उजाड, दोन्हीकडून नुकसान. हिमालयातले कोष्ठ १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत गेले. सर्पगंधा १९९० मध्ये आणि जटामांसी व कुटकी १९९७ मध्ये निर्बंधांच्या यादीत गेल्या. आपल्या डब्यातली एकेक काडी अशी यादीत जाऊन बसते आहे.

शेतात लावलेल्या औषधींची गोष्ट त्या मानाने बरी. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडे अश्वगंधा पिकते. पाने वाळू लागली आणि फळे लाल झाली की साधारण जानेवारी ते मार्चमध्ये ती खणतात. तिथे निदान उद्याची धास्ती नाही, कारण शेत आपले आहे. थांबणे परवडते. मला वाटते, औषधाची ताकद शेवटी कोणाला थांबणे परवडते यावरच अवलंबून आहे.

आता परत आमच्या वेखंडाकडे. वेखंडाचा वास ज्या उडणाऱ्या तेलाचा असतो, तेच त्याचे सामर्थ्य. डब्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या काडीतले ते तेल हळूहळू उडून जाते. आमच्या घरची जुनी काडी अशीच थकलेली होती. तिचे दोन वेढे म्हणजे फार तर अर्धा वेढा. नवी काडी भर मोसमात खणलेली असेल, ताजी तर होतीच. तिचे दोन वेढे म्हणजे दोन पुरते वेढे, त्या एवढ्याशा पोटासाठी फार. वेखंडाच्या तेलातल्या बीटा-असारोन या द्रव्याने प्रयोगातल्या उंदरांना गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी केली, हेही मला पुढे वाचायला मिळाले. भाचीला मी वेढे सांगितले नाहीत ते यासाठी. आजीचे माप मला पाठ आहे, पण ते माप आजीच्या काडीचे होते. बाजारात मिळणारी काडी कधी खणली, किती दिवस पडून होती, हे कोण सांगणार? माप नेमके असून भागत नाही, मापायची वस्तूही तीच असावी लागते.

आई २००३ मध्ये गेली. शेवटच्या दिवसांत जुन्या गोष्टी निघायच्या. एकदा बेबी तिच्या उशाशी बसली होती, तेव्हा आई तिच्या केसांवरून हात फिरवीत म्हणाली, "तुला मी एकदा मारलीच होती बघ. मोजण्यात चुकले." बेबी हसली आणि म्हणाली, "अगं, मला कुठं आठवतंय!" मी तिथेच होतो. पण तेव्हा मी विदरिंग वाचलेला नव्हता, म्हणून गप्प बसलो.

आज ती असती तर तिच्या शेजारी बसून सांगितले असते, की आई, इंग्लंडात एक मोठा डॉक्टर होऊन गेला. त्याच्या हातूनही सुरुवातीला असेच झाले होते. तू दोनच वेढे दिले होतेस आणि बरोबर मोजले होतेस. काडी वेगळी होती.

भाचे, गुटीचे उत्तर हे असे आहे. बाळाला आशीर्वाद. आणि आजीची सहाण तुझ्याकडे आहे ना, ती जपून ठेव.